सरळ नळीची झारी

जयवंता रोकडे हा दहिवलीचा पत्रेवाला. चिमण्या, नरसाळी, दुधाची मापं, रॉकेलचे डबे आणि गळक्या बादल्यांना नवं बूड, ही त्याची कामं. कडावपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत त्याचं गिऱ्हाईक पसरलेलं होतं. त्याच्या हातची चिमणी काजळी कमी धरते असं बायका सांगत, आणि अशा बाबतीत बायका उगीच कुणाला चांगलं म्हणत नाहीत. आजही त्याचं नाव काढलं की लोक दोनच गोष्टी बोलतात. एक, कारागीर फार चांगला होता. दुसरी, त्याच्या झारीनं माणूस मेला. दोन्ही खऱ्या आहेत. मधलं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. मला तसा हक्क आहे अशातला भाग नाही, पण त्या मधल्या प्रकारात माझेही हात आहेत.

मी अलिबागचा. साठ साली जंगलखात्यात कारकून म्हणून लागलो आणि इकडच्या एका कचेरीत आलो. माझं अक्षर सुरेख होतं, त्यामुळे सगळे अहवाल माझ्याकडे यायचे. सुरेख अक्षरात लिहिलं की खोटंसुद्धा खरं वाटायला लागतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे माघ-फाल्गुनात जाळरेषा करतात. जंगल आणि गवताची कुरणं यांच्या मधून दोन समांतर पट्टे विळ्यानं साफ करायचे आणि मधलं गवत आपणच जाळून टाकायचं, म्हणजे पुढे चैत्रात वणवा आलाच तर तिथे येऊन त्याला खायला काही उरत नाही. काम दिसतं सोपं. दव उडालं की सुरू करायचं, ऊन चढून वारा उठायच्या आत आटपायचं, आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं, म्हणजे जाळ सावकाश मागे सरकत जातो. भाताच्या रोपांसाठी राब भाजणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, ते त्याच्या अंगातच असतं. पेटवायला चूड वापरत. सुक्या गवताची पेंढी बांधून पेटवली की झाली चूड. पण ती पन्नास पावलांत संपते, ठिणग्या उडतात, हात भाजतो, आणि दुसरी पेटवीपर्यंत रेषा तुटते.

अशा वेळी बासष्ट सालच्या पावसाळ्यानंतर वरून एक नमुना आला. जाड पत्र्याचा डबा, त्याला मूठ, तोंडातून निघालेली लांब नळी आणि नळीच्या टोकाला वातीचा बोळा. चार भाग डिझेल आणि एक भाग पेट्रोल घालायचं, बोळा पेटवायचा आणि डबा कलंडवत चालायचं. पेटतं तेल थेंब थेंब गवतावर पडतं आणि मागे सरळ आगीची रेघ उमटत जाते. साहेब तिला ड्रिप टॉर्च म्हणत. रखवालदारांनी पहिल्याच दिवशी तिला झारी म्हटलं आणि मग साहेबही झारीच म्हणायला लागले. नमुना एकच होता आणि परदेशी होता, म्हणून रेंजरसाहेबांनी तो कपाटात कुलुपात ठेवला. अशाच सहा इथे करून घ्या, असं वरून फर्मान होतं. चांगली वस्तू कुलुपात आणि कामाला तिची नक्कल, हा आमच्या खात्याचा स्वभावच होता.

काम जयवंताकडे गेलं. त्याला त्याचा किती आनंद झाला हे मी पाहिलं आहे. छप्पन साली त्याच्या घरानं धम्म घेतला. त्याआधी मयताचा सांगावा गावोगाव पोचवायला त्याच्या बापाला बोलावणं यायचं, गावच्या होळीला विस्तव त्यांच्या आवारातून जायचा. ते सगळं त्यांनी सोडलं. जयवंता त्याच्याही कितीतरी आधी कल्याणला एका बोहऱ्याच्या दुकानात सहा वर्षं राहून पत्र्याचं काम शिकला आणि दहिवलीला परत येऊन त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. माणसं दारात यावीत ती कारागीर म्हणून यावीत, एवढीच त्याची भूक होती. आता तर खुद्द सरकार दारात आलं होतं. तो नमुना मांडीवर घेऊन बसला, सगळीकडून निरखला आणि आठ दिवसांत करतो म्हणाला.

त्या नमुन्याच्या नळीला एक वेटोळं होतं. डब्यातून निघाल्यावर नळी एक पूर्ण गोल फेरा घेऊन मग पुढे जायची. आम्हाला वाटलं शोभा असेल. जयवंतालाही आधी तसंच वाटलं, पण तो कारागीर होता. त्याला तिसऱ्या दिवशी शंका आली की हे शोभेचं नसावं. पितळी नळी आणून तो तिला वेटोळं द्यायला बसला. पहिली नळी वळवताना चिरली. दुसरीत वाळू भरून तापवली, तीही फुटली. तिसरी फुटली नाही, पण चपटी झाली. तेव्हा त्यानं सहाही झाऱ्यांना सरळ नळ्या बसवल्या. वाकड्या नळीत तेल तुंबतं, सरळच बरी, असं त्यानं साहेबांना सांगितलं. साहेबांनी एक झारी काठोकाठ भरून पेटवून बघितली. छान चालली. भरलेली झारी नेहमीच छान चालते.

या सहांपैकी एक हिरामणला मिळाली. हिरामण हा ठाकुरवाडीच्या खालच्या अंगाला राहणारा आमचा रखवालदार, शेतकरी घरातला, अठरा वर्षं जाळरेषा करणारा. चूड हातात धरून त्यानं कोसच्या कोस गवत जाळलं, पण कधी मिशीचा केस करपू दिला नाही. तो जयवंताचं जुनं गिऱ्हाईक. घरातली प्रत्येक चिमणी त्याच्याकडची, आणि बाजाराला आला की दुकानात टेकल्याशिवाय परत जायचा नाही.

त्रेसष्टच्या फेब्रुवारीत, रेषेचं काम सुरू होऊन बारा दिवस झाल्यावर, हिरामणच्या हातात झारी फुटली. सकाळचं काम संपत आलं होतं आणि डब्यात तळाशी थोडंच तेल राहिलं होतं. बरोबरच्या माणसांनी त्याला कांबळीत गुंडाळून विझवलं आणि उचलून रुळापर्यंत नेलं. घाटात गाड्यांना मागून ढकलणारी इंजिनं रिकामी खाली येतात, त्यातल्या एकाच्या ड्रायव्हरनं इंजिन थांबवून त्याला कर्जतला पोचवलं. आठव्या दिवशी तो इस्पितळातच वारला. शेवटचे दोन दिवस तो शुद्धीवर होता आणि वारा बरोबर होता, वारा बरोबर होता, असंच सांगत होता असं ऐकलं.

चौकशी झाली म्हणजे साहेबांनी खुर्चीत बसून मजकूर सांगितला आणि मी लिहिला. रखवालदाराने पेट्रोल प्रमाणाबाहेर घातले व निष्काळजीपणामुळे अपघात ओढवला. साहेब काही दुष्ट नव्हते. झाऱ्या त्यांनीच पसंत केल्या होत्या, आणि मेलेला माणूस तक्रार करत नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता. मी तो शब्द लिहिताना थांबलो नाही. उलट निष्काळजीपणा हा शब्द ऱ्हस्वदीर्घासकट बरोबर आला याचं मला बरं वाटलं. आज हे लिहायलाही लाज वाटते.

अहवालावर सही व्हायची होती, त्या दिवशी हिरामणची बायको येसूबाई कचेरीत आली. काखेत गोणपाट, त्यात फुटलेली झारी. कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणाली. मी वाचलं. निष्काळजीपणा म्हणजे काय ते तिनं विचारलं आणि मी सांगितलं. ती रडली नाही. अठरा वर्षांत एकदाही ज्याच्या हातून ठिणगी रेषेबाहेर गेली नाही, त्याच्या नावावर हे कसं, असं तिनं विचारलं. मग ती म्हणाली, ही ज्यानं घडवली त्यालाच विचारते, आणि तुमी लिवलंय तर तुमीच चला संगती.

मला जायचं नव्हतं. तरी गेलो, कारण नाही म्हणायला तोंड झालं नाही.

दुकानात जयवंताचा थोरला भाऊ मालोजी बसलेला होता. येसूबाईनं गोणपाट उघडून झारी जयवंताच्या पुढ्यात ठेवली आणि एकच विचारलं, "ह्यात तेंची चूक काय व्हती?"

डब्याचं बूड उडालं होतं, पत्रा बाहेरच्या अंगाला फाकला होता, नळी मात्र तशीच सरळ होती. जयवंतानं झारी उचलली नाही. मालोजी घाईनं म्हणाला की पेट्रोलचं काम वाईटच, कुणाच्याही हातून होतं. नंतर मला कळलं की आठ दिवस तो भावाला हेच बजावत होता, तू तोंड उघडू नकोस, आधीच आपल्या माणसाच्या कामाला कोण धड म्हणतं, वर तू आपल्या तोंडानं कबूल कर म्हणजे झालं. मालोजीचंही मला चुकीचं वाटत नाही. त्यानं जे भोगलं होतं त्यातून तो बोलत होता.

जयवंतानं भावाकडे पाहिलं आणि मग येसूबाईकडे. म्हणाला, "चूक तेंची नाय, वयनी. चूक घडनावळीत हाय. नळीला येटोळं पायजे व्हतं. त्यात तेल साचून ऱ्हातं, म्हून भायेरचा जाळ डब्यात शिरत नाय. मी सरळ ठेवली."

"ठावं व्हतं तुमाला?"

"नीट ठावं नव्हतं. वाटत व्हतं. नळी वाकंना, दोनदा फुटली. मला जमत नाय, असं सायबाला सांगायची लाज वाटली."

मालोजी उठून बाहेर गेला. येसूबाई शिव्या देईल, छाती बडवून घेईल असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर तिघांनाही सोपं गेलं असतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि हे कचेरीत येऊन सांगा एवढंच म्हणाली. जयवंतानं पायात वहाणा घातल्या. दुकानाला कडीही न लावता तो आमच्या बरोबर निघाला.

साहेबांनी ऐकून घेतलं नाही. झारी एकदा पेटवून बघितली होती, ती व्यवस्थित होती, आता मढ्याच्या कळवळ्यानं उगीच स्वतःच्या गळ्यात धोंड बांधून घेऊ नकोस, असा त्यांचा सूर. जयवंतानं वाद घातला नाही. उरलेल्या पाचांतली एक झारी आणि कपाटातला नमुना, दोन्हींत तळाशी बोटभर तेल घालून द्या, एवढंच तो मागत राहिला. शेवटी साहेब वैतागून उठले. कपाटाची किल्ली मीच काढून दिली. त्या दिवसभरात माझ्या हातून झालेलं चांगलं काम तेवढंच.

कचेरीमागच्या मोकळ्या जागेत त्यानं बांबूची एक कैची रोवली. नमुना तिच्यात अडकवून बोळा पेटवला, मुठीला दोरी बांधली, सगळ्यांना लांब नेलं आणि दोरी ओढली. झारी कलंडली, पेटते थेंब पडले, तेल संपलं, बोळा विझला. झालं. मग त्यानं स्वतः घडवलेली झारी अडकवली. पुन्हा दोरी ओढली. थेंब पडले, पडायचे थांबले, ज्योत नळीच्या तोंडात आत ओढल्यासारखी गेली आणि धाडकन आवाज झाला. बूड उडून आंब्याच्या बुंध्यावर आपटलं. येसूबाईनं डोळे मिटले नव्हते. आपल्या माणसाचं काय झालं ते तिनं तिथे उभं राहून पाहिलं, आणि ज्यानं ते केलं तोही दोरी हातात धरून शेजारीच उभा होता.

साहेबांनी जुना कागद स्वतः फाडला. नव्या अहवालात साधनातील दोष असं आलं आणि घडवणाऱ्याचं नावही आलं. ते घाला, असा आग्रह जयवंताचाच होता. मी येसूबाईला नवा मजकूर वाचून दाखवला. तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावला, आणि जयवंताकडे न बघता ती निघून गेली.

पुढे सरकारी काम त्याला पुन्हा मिळालं नाही. पोलिसांचे जबाब झाले, तालुक्याला खेपा झाल्या, वर्षभरानं ते मिटलं. एक हंगाम दुकानाकडे कुणी फिरकलं नाही. मग पावसाळा तोंडावर आला, बादल्या गळायला लागल्या आणि माणसं परत आली.

मला जास्त सांगायचं आहे ते यानंतरचं. त्या उन्हाळ्यात जयवंता कर्जतच्या रेल्वेच्या शेडमध्ये एका म्हाताऱ्या फिटरकडे गेला आणि नळी कशी वाकवायची ते शिकवा म्हणाला. फिटरनं राळ वितळवून नळीत ओतली, थंड होऊ दिली, गुडघ्यावर धरून नळीला गोल फेरा दिला आणि मग तापवून राळ काढून टाकली. नळी कुठे चिरली नाही, कुठे चेपली नाही. अर्धा तासही लागला नाही. हे सांगताना जयवंता माझ्यापुढे रडला. त्याला एवढंच कुणाला तरी विचारायचं होतं, आणि तेवढं विचारलं गेलं नाही. मी त्याची समजूत घातली नाही. घालण्यासारखं काही नव्हतंच.

त्यानं उरलेल्या चारही झाऱ्या मागून नेल्या, वेटोळी बसवून परत आणून दिल्या आणि मजुरी घेतली नाही. आणि दर माघात रेषेचं काम सुरू व्हायच्या दिवशी तो आपला आपण हजर व्हायला लागला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि हाकलायचं धाडसही कुणाला झालं नाही. रखवालदारांना तो झारी कशी पारखायची ते शिकवायचा. आधी वेटोळं बघा, हात फिरवून बघा, चेपलेलं असेल तर ती झारी घेऊ नका. मग झाकणाखालचं चामडं बघा, तडकलं असेल तर बदला. हवेचं भोक मोकळं आहे का ते फुंकून बघा. तेल भरायचं ते पेटत्या जागेपासून शंभर पावलं दूर, आणि आधी डिझेल, मग पेट्रोल. डबा रिकामा होईपर्यंत चालवू नका, चौथाई राहिलं की विझवून परत भरा. हे सगळं झालं की शेवटी तो सांगायचा की माझ्या झारीनं हिरामण मेला, वारा बरोबर होता, हात बरोबर होता, झारी चुकीची होती. नवी पोरं खाली बघायची. एकदा मी त्याला म्हटलं, दर वर्षी हे कशाला उगाळतोस? तो माझ्यावर चिडला नाही. म्हणाला की पुढच्या वर्षी नवी माणसं येतात, त्यांना कुठे ठाऊक असतं.

येसूबाई चौसष्टपासून रेषेवर मजुरीला यायला लागली होती. आधी गवत कापायला, मग पाठीवर पाण्याचा डबा घेऊन जाळामागे चालायला. सत्तर साली दोन माणसं कमी पडली तेव्हा तिनं झारी मागितली. बाई माणूस आणि झारी, म्हणून कुरकुर झाली. ती कुरकुर आठच दिवस टिकली, कारण येसूबाईसारखी सरळ रेषा दुसऱ्या कुणाला काढता येत नव्हती. झाऱ्या वाटायचं काम तोवर जयवंताकडे आपसूक आलं होतं. त्याच्या हातून झारी घेतली की ती बाजूला उभी राहायची, वेटोळ्यावरून बोट फिरवायची, झाकण उघडायची, भोक फुंकायची. बाकीचे निघून जायचे तरी तिचं चाललेलं असायचं. जयवंता तोवर हात बांधून उभा राहायचा. ती मान हलवायची आणि मग तो पुढच्या कामाला लागायचा. त्यापलीकडे दोघांत कधी बोलणं झालेलं मी ऐकलं नाही.

अठ्ठ्याहत्तरचा माघ हा जयवंताचा शेवटचा. पत्र्याला कथलाचा डाग देताना निघणाऱ्या धुरानं त्याची छाती पोखरली होती. ठाकुरवाडीच्या वरच्या रेषेपर्यंत चढताना तो चारदा बसला. तरी झाऱ्या त्यानं स्वतःच्या हातांनी पुसून आणल्या होत्या. त्या दिवशी येसूबाईचं बघून होईना. ऊन चढायला लागलं होतं, माणसं खोळंबली होती. मला वाटतं जयवंताला कळून चुकलं होतं की पुढच्या वर्षी आपण नसू. तो कधी बोलत नसे, ते बोलला.

"वयनी, आठ वर्सं झाली. येकदा तरी माझ्या हातनं न बघता घ्याल का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. झाकण लावता लावता ती म्हणाली, "नाय. तेंनी न बघता घेतली व्हती. तुमच्या हातची म्हून."